बारा लाखांच्या कडेवरची गर्दी

पगारवाढीचं पत्र आलं की ऑफिसात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "नको रे बाबा, वरच्या स्लॅबमध्ये जाईन, हातात आहे त्याहून कमी येईल." हे चूक आहे. वरच्या स्लॅबचा दर फक्त त्या स्लॅबमध्ये पडणाऱ्या रुपयांना लागतो. नव्या करप्रणालीत २० लाखांच्या पुढे २५ टक्के दर आहे, म्हणून २० लाख १०० रुपयांवर शेवटच्या शंभरातले २५ रुपये जातात. खालच्या २० लाखांचा हिशोब होता तसाच राहतो.

पण ही भीती अगदीच निराधार नाही, तिची जागा चुकते एवढंच. २०२५-२६ या वर्षासाठी याच नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य झाला. (शेअरचा नफा वगैरे खास दरांची उत्पन्नं सोडून.) हे शून्य येतं कसं? पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के म्हणजे ४० हजार. एकूण ६० हजार कर लागतोच. कलम ८७ए खाली तेवढीच सूट देऊन तो पुसला जातो. ही सूट १२ लाखांनंतर एका फटक्यात काढली असती तर एका जादा रुपयापायी साठ हजार भरावे लागले असते. म्हणून मार्जिनल रिलीफ: १२ लाखांच्या वर जेवढं मिळवलं, त्याहून जास्त कर नाही. म्हणजे १२ लाख १० हजारांवर १० हजार. वर ४ टक्के सेस, एकूण १०,४००. दहा हजार जादा कमावून चारशेचा खड्डा! साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत असंच चालतं. नोकरदारांनी या सगळ्या आकड्यांत ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळवून घ्यावं. 'बारा लाख टॅक्स फ्री' असं ओरडणाऱ्या रील्समध्ये हा पट्टा कुठे दिसत नाही, आणि 'सीए लोक तुम्हाला सांगणार नाहीत' म्हणणाऱ्यांनाही तो ठाऊक नसतो.

अर्थशास्त्रज्ञ कररचनेतल्या अशा तुटलेल्या कड्याला 'नॉच' म्हणतात. नुसता दर वाढला, म्हणजे चढ थोडा बदलला, तर 'किंक'. नॉच जुनेच आहेत. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्यांवर कर होता. १७४७ च्या नियमानुसार ९ खिडक्यांपर्यंत खिडकीमागे काही नाही. दहावी उघडली की दहाही खिडक्यांवर प्रत्येकी ६ पेन्स, म्हणजे त्या एका खिडकीचे वर्षाला ५ शिलिंग. श्रॉपशरमधल्या करनोंदी तपासल्या तर बरोब्बर नऊ खिडक्यांच्या घरांची गर्दी दिसते. लोकांनी उजेड विटांनी बुजवला.

मला खरं वेड आहे ते या गर्दीचं. दहावीच्या निकालात ३५ मार्कांवर ढीग आणि ३३-३४ वर शुकशुकाट असतो. ग्रेस मार्कांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही तरी आलेख चुगली करतो. उत्पन्नाच्या आलेखातही तेच बघायचं. कड्याच्या आसपासचा भाग झाकायचा, उरलेल्या आलेखातून एक गुळगुळीत रेषा ओढायची आणि कडा नसता तर किती लोक इथे असते याचा अंदाज घ्यायचा. मग झाकण काढायचं. अलीकडचा जादा ढीग आणि पलीकडचा खड्डा मोजला की करामुळे माणसं किती सरकतात ते कळतं.

हेन्रिक क्लेव्हन आणि मझहर वसीम या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये पाकिस्तानच्या करनोंदींवर हे केलं. तिथे त्या काळी वरच्या टप्प्यात गेलात की नवा दर सगळ्या उत्पन्नाला लागायचा, म्हणजे आपल्या ऑफिसातलं वाक्य तिथे खरंच होतं. कड्याखाली ढीग सापडलाच. मौज पलीकडे आहे. कड्याच्या लगेच वरच्या पट्ट्यात थांबणं शुद्ध तोट्याचं. थोडं कमी कमावलं तर हातात जास्त पैसे उरतात. तिथे कोणीच नसायला हवं. तरी त्या पट्ट्यात पोचलेल्यांपैकी बहुसंख्य तिथेच राहिलेले दिसले. कोणाला नियम माहीत नाही, कोणाचा पगार मालक ठरवतो. पण या अडकलेल्यांचं प्रमाण कळलं की ढीग दुरुस्त करता येतो: समजा दहातले आठ अडकलेले असतील, तर दिसणारा ढीग फक्त दोघांनी रचलेला आहे आणि सगळे मोकळे असते तर तो पाचपट झाला असता. चुकणाऱ्या माणसांकडूनच न चुकणाऱ्यांचं माप काढायचं, ही युक्ती मला फार आवडते.

ढीग म्हणजे कमी काम की कमी दाखवलेलं काम? अर्थशास्त्रज्ञ इमॅन्युएल सएझ यांना २०१० च्या अभ्यासात अमेरिकेत ठळक ढीग दिसला तो स्वतःचा धंदा करणाऱ्यांत. पगारदारांत जवळजवळ नाहीच. डेन्मार्कमधल्या तपासणीच्या प्रयोगातही, ज्या उत्पन्नाची माहिती मालक किंवा बँक परस्पर कळवते त्यात चोरी नगण्य निघाली. आपल्याकडच्या टीडीएसवाल्यांना यात नवल वाटणार नाही.

आता लाडकी बहीण बघा. महिना १,५००, वर्षाला १८ हजार, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. हा निखळ नॉच, मार्जिनल रिलीफ नाही. नवऱ्याची कमाई आणि बाईचं शिवणकाम धरून घरात २ लाख ४५ हजार येत असतील आणि तिने जादा ऑर्डरी घेऊन ते २ लाख ६० हजारांवर नेले, तर कागदोपत्री १५ हजार मिळवून १८ हजार गेले. मर्यादा कुटुंबाची आहे, त्यामुळे झळ बहुधा दुसऱ्या कमाईला लागते, आणि ती बहुतेक घरांत बाईची असते.

उपाय पाठ्यपुस्तकी आहे: रक्कम एकदम न तोडता उत्पन्न वाढेल तशी हळूहळू घटवा. पण त्यासाठी उत्पन्न खरोखर मोजता यायला हवं. शिवणकामाच्या पैशांचा टीडीएस कापला जात नाही. योजनेनेही पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची अट सोडली. कार्ड आहे किंवा नाही, एवढंच सरकारी कचेरीच्या खिडकीवर तपासता येतं, आणि तेवढ्यावर उतार बांधता येत नाही.