वाळूची गाळणी आणि १२० टँकर

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर कर्जतच्या एका प्लॉटची जाहिरात आली. ‘नदीकाठच्या विहिरीचं नैसर्गिकरीत्या गाळलेलं पाणी, ई. कोलाय शून्य.’ ई. कोलाय म्हणजे आतड्यातला जिवाणू; तो सापडला की पाण्यात विष्ठा मिसळली असं समजतात. सोबत लॅबचा रिपोर्ट, शिवाय टीडीएस मीटरचा फोटो. टीडीएस मीटर पाण्यातले क्षार मोजतं. जंतूंचं त्याला काही कळत नाही, पण आकडा दिसला की आपण विरघळतो.

मूळ पद्धत मात्र खोटी नाही. दुष्काळी गावात कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणतात, त्याचाच हा मोठा अवतार. काठाला विहीर खणून पंप लावला की तिची पातळी उतरते आणि नदीचं पाणी वाळूतून झिरपत आत येतं. ड्युसेलडॉर्फ १८७० पासून असं पाणी पितं, बुडापेस्टचं जवळजवळ सगळं पाणी असंच येतं, आणि आपल्याकडे हरिद्वारला गंगेकाठी अशा विहिरी आहेत.

पण वाळू म्हणजे चहाची गाळणी नव्हे. जुलाब लावणारा रोटाव्हायरस हा विषाणू मिलिमीटरच्या तेरा-चौदा हजाराव्या भागाएवढा; वाळूच्या दोन कणांमधली फट त्याच्या शेकडो पट रुंद. तरी तो अडकतो, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. तो इतका हलका असतो की पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी धक्के देत राहतात. लोकलच्या दारात उभ्या माणसासारखा तो हेलपाटत जाऊन कणावर आदळतो. आता चिकटला पाहिजे. वाळूवर ऋण भार, विषाणूवरही बहुधा ऋण, म्हणजे दोघं एकमेकांना दूर लोटणार. पाण्यात कॅल्शियम असेल तर ते मध्ये पडून दोघांचं जुळवतं. वाळूवर लोहाचा गंज चढला असेल तर तिथे धन भार मिळतो, मग चिकटणं सोपं. म्हणून एकाच नदीच्या दोन विहिरी सारख्या नसतात.

समजा दहा मीटरांत शंभरातले नव्वद विषाणू अडकले. पुढच्या दहा मीटरांत उरलेल्या दहांतले नऊच अडकतील. ही घट पटीत चालते, त्यामुळे ती शून्याला कधीच टेकत नाही. मग किती उरलेले चालतील? नेदरलँड्सच्या कायद्यात मर्यादा आहे: वर्षाला दहा हजार माणसांत एक संसर्ग. रोज एक लिटर न उकळलेलं पाणी आणि गिळलेल्या तिनांतला एक विषाणू बाधतो असं धरलं, तर हिशेब येतो सुमारे १२ लाख लिटरांत एक विषाणू. म्हणजे दहा हजार लिटरचे १२० टँकर, आणि त्यांत एक!

हे चाचणीत सापडणार कसं? म्हणून धोका मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: नदीत किती, वाळूत किती घटले, वाटेत किती मेले. ई. कोलाय इथे फसवा साक्षीदार आहे. विषाणू त्याच्यापेक्षा लांब जाऊ शकतात आणि जास्त दिवस टिकू शकतात. कार्बामझेपिनसारखं फिटचं औषध तर वाळू फारसं अडवतच नाही.

जर्मनीत विहिरीभोवती ५० दिवसांच्या प्रवासाएवढं राखीव क्षेत्र ठेवतात, वाटेत जंतू मरावेत म्हणून. आपल्याकडे जुलैत नदी फुगते, तळावरचा जिवंत गाळथर खरवडला जातो, पाणी विहिरीत लवकर पोचतं. त्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी वाळूचा थर पातळ, खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांतून आलेलं पाणी गाळलं जातच नाही.

रिपोर्ट मोठा करून पाहिला. नमुना १०० मिलिलिटर, तारीख फेब्रुवारीतली.