अवतरणचिन्हे (मराठी लेखनातील)

अवतरणचिन्हे : दुसऱ्याचे बोलणे किंवा लिहिणे जसेच्या तसे उतरवताना त्याच्या आरंभी व अखेरीस घालावयाची विरामचिन्हे. तोंडचे शब्द दुहेरी चिन्हांत (“ ”), त्यांच्या पोटातले अवतरण एकेरी चिन्हांत (‘ ’), हा शालेय व्याकरणांचा नियम सर्वपरिचित आहे.

पोथ्यांत वाक्य संपल्याची उभी रेघ म्हणजे दंड (।) असे; मोडी कागदपत्रांत बहुधा तोही नसे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील (पेशवाईतल्या कागदपत्रांच्या संग्रहातील) पत्रांत समोरच्याचा मजकूर आधी उतरवून ‘म्हणोन लिहिले, ऐशियास...’ अशा शब्दांनी तो संपवीत व पुढे उत्तर सुरू करीत. ‘म्हणोन’ हे एका अर्थी अवतरण मिटणारे चिन्हच होय. उघडणारे मात्र नव्हते. त्यामुळे ‘म्हणोन’पाशी पोचल्यावर परक्याचे शब्द कोठून सुरू झाले हे मागे जाऊन ठरवावे लागते. छापील आवृत्तीतले आरंभीचे चिन्ह हा संपादकाचा निर्णय असतो, मूळ लेखकाचा नव्हे. अभ्यासकाने हे कधीही विसरू नये.

विरामचिन्हे मराठीत आणण्याचे श्रेय सामान्यतः मेजर थॉमस कँडी (१८०४–७७) यांना देतात. विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये निघालेल्या पुण्याच्या संस्कृत पाठशाळेशी त्यांचा निकटचा संबंध होता. विरामचिन्हांवरील त्यांची पुस्तिका १८५० च्या सुमाराची मानतात. तथापि मुंबईच्या द्वैभाषिक दर्पण पत्रात (१८३२) इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. म्हणजे चिन्हे वाचकांच्या डोळ्यांसमोर त्याआधीच होती. चिन्हांची ओळख मुद्रणाने करून दिली, नावे व नियम कँडींनी घालून दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

चिन्हांची खरी गरज सर्वनामापाशी कळते. ‘बाबा म्हणाले की मी स्टेशनवर जातो’ या वाक्यात जाणारा कोण? मराठीत ‘की’नंतरही बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहू शकतो. बाबा म्हणाले, “मी स्टेशनवर जातो.” असे लिहिले की शंका उरत नाही. शब्द आधी आले तर स्वल्पविराम चिन्हाच्या आत येतो : “उद्या येते,” ती म्हणाली. पुढे ‘असे’ असल्यास तो गळतो : “उद्या येते” असे ती म्हणाली. जोडणीचे काम ‘असे’ करतोच. प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आल्यावर पुन्हा स्वल्पविराम देत नाहीत : “जेवलास का?” आजीने विचारले. एकाच व्यक्तीचे बोलणे अनेक परिच्छेद चालले, तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी चिन्ह उघडतात. मिटतात ते अखेरच्या परिच्छेदातच.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांत विरामचिन्हांचा वेगळा विचार नाही. पात्रांच्या तोंडी मात्र ‘केलं’, ‘म्हटलं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे व एरवी ‘केले’, ‘म्हटले’ अशी एकारान्त रूपे लिहावीत, असे ते सांगतात. “मी कालच सांगितलं” असे तिने सांगितले : येथे चिन्हे पुसली तरी बोलणे कोठे संपले हे अनुस्वारावरून उमगते. परभाषेतून आलेल्या चिन्हाला मराठीने दिलेली ही स्वतःची जोड आहे, आणि मुद्रितशोधकाने ती प्राणपणाने जपावी.

नाटकाच्या संहितेत पात्राच्या नावापुढे अपूर्णविराम (:) देतात; तेथे अवतरणचिन्हे लागत नाहीत. काही कथाकार संवादाच्या आरंभी केवळ आडवी रेघ देतात.