एलियाहू : हे नाव की घोषणा?

बायबलातला संदेष्टा एलिया, इंग्रजीतला इलायजा, मुसलमानांचा इलियास, रशियातला इल्या, एवढंच काय एलियट हे आडनावसुद्धा, सगळं मुळात एकच नाव. हिब्रूत ते एलियाहू.

फोड सोपी आहे. एल म्हणजे देव, एली म्हणजे माझा देव, आणि याहू हे यहोवा या ज्यूंच्या देवाच्या नावाचं छोटं रूप. हालेलुयाच्या शेवटी जो ‘या’ येतो ना, तोच हा. क्रियापद नाहीच, आपण ‘माझं गाव अलिबाग’ म्हणतो तसं ‘माझा देव यहोवा’. गंमत म्हणजे योएल, आपला जोएल हो, त्यातही हेच दोन तुकडे आहेत, फक्त उलटे लावलेत.

आता एवढं ठासून सांगायची गरज का पडली? काळ इ.स.पू. ९वं शतक, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात अहाब राजा, त्याची बायको ईजबेल सिदोनच्या राजाची मुलगी, बापाचं नाव एतबाल, म्हणजे बाल दैवत नावातच बसलेलं. अहाबने शोमरोनात, म्हणजे आपल्या राजधानीत, बालाचं देऊळ बांधलं, पण पोरांची नावं बघा, अहज्याह आणि यहोराम, दोन्हींत यहोवा आहे! म्हणजे गड्याने जुना देव सोडला नव्हता, त्याला दोन्ही हवे होते. कर्मेल डोंगरावर एलियाहू लोकांना नेमकं हेच विचारतो की दोन दगडांवर पाय किती दिवस ठेवणार (हिब्रूत शब्द लंगडण्याचा आहे), मग खरा देव कोण याची पैज लागते, आणि शेवटी आकाशातून अग्नी पडल्यावर लोक ओरडतात की यहोवा हाच देव. म्हणजे त्याचंच नाव झालं की ते, फक्त ‘माझा’ गेला. योम किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास संपताना ज्यू लोक हे वाक्य आजही सात वेळा म्हणतात.

त्याच्या बापाचं नाव बायबलात कुठे येत नाही, नुसतं गिलाद प्रांतातला तिश्बी, म्हणजे तिश्बे गावचा, म्हटलंय. त्यामुळे मला तर हे पाळण्यातलं नाव कमी आणि त्या भांडणातली घोषणाच जास्त वाटते.

पुढे ग्रीकांनी त्याचं एलियास केलं, शेवटचा ‘स’ त्यांच्या व्याकरणाचा, आणि मराठी बायबलात एलीया आलं. हिब्रूतही पाच ठिकाणी शेवटचं वाव अक्षर गळून नुसतं एलिया लिहिलंय, आणि इस्राएली लोकांचा पूर्वज याकोब याच्या नावात पाच ठिकाणी एक वाव जास्तीचं आहे. त्यावर जुन्या रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, कथा भारी आहे, की याकोबने ते अक्षर तारण म्हणून ठेवून घेतलंय, एलियाहूने परत येऊन (तो मेला नाही, जिवंतच स्वर्गात गेला आणि परत येणार, असं ज्यू मानतात) सुटकेची बातमी दिली की मगच परत मिळणार.

कोकणातल्या बेने इस्राएलींनी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, याच नावाचं एलोजी केलं, आबाजी, सामाजीच्या चालीवर. त्यांचा तो एलियाहू हन्नाबी, ‘ह’ म्हणजे ‘तो’ आणि नाबी म्हणजे संदेष्टा, आपल्या ओळखीचा नबी. नवस फेडायचा, लग्नकार्य असलं की त्याच्या नावाने मलिदा करतात, गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. आणि खंडाळ्याला, घाटातल्या नव्हे, अलिबागजवळच्या, एका खडकावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अग्निरथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, तिथून तो वर गेला म्हणतात.