चिंतेचीही फाइल हवी

मधुमेहाच्या रुग्णाच्या फाइलीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा असतो, डोळे आणि पाय तपासल्याची नोंद असते, पुढची तारीख असते. चिंताविकाराच्या रुग्णाकडे बहुतेकदा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात चार ईसीजी, एक टूडी एको, थायरॉइडचा रिपोर्ट, आणि सगळं 'नॉर्मल'. छातीत धडधडलं की धावाधाव, रिपोर्ट चांगला आला की 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी. पुढची तारीख कोणी देत नाही.

हा आजार वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहतो. म्हणून त्यालाही मधुमेहासारखी लेखी उपचारयोजना हवी, असं मला ठामपणे वाटतं.

साखर मोजता येते, चिंता कशी मोजणार? त्यासाठी जीएडी-७ ही प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, एकूण गुण ० ते २१. दहा किंवा जास्त आले, तर नीट तपासणी करायची. दर भेटीला तोच कागद भरला की १६ वरून ११ वर आल्याचं रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. एरवी एका वाईट रात्रीनंतर 'काहीच फरक नाही' असंच वाटत असतं.

योजनेचा खरा कस पहिल्या महिन्यात लागतो. चिंतेवर सहसा दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीचे काही दिवस काहींची बेचैनी उलट वाढते. हे आधी सांगितलेलं नसेल, तर माणूस आठव्या दिवशी गोळी बंद करतो. बंद न करता डॉक्टरांना कळवायचं, हे योजनेत लिहिलेलं हवं, आणि दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी फोन करायला हवा. बसची भीती वाटणाऱ्याने आधी नुसतं थांब्यावर उभं राहायचं, मग एकच थांबा प्रवास करायचा, हा क्रमही कागदावर असला तर पाळला जातो.

आपल्या शेजारी गोव्यात हे करून पाहिलं आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने २००७ ते २००९ दरम्यान २४ दवाखान्यांत 'मानस' हा प्रयोग केला. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना भेटायला खास शिकवलेल्या समुपदेशक होत्या. त्यांचं आधीचं शिक्षण वैद्यकीय नव्हतं. त्या आजार समजावून सांगत, श्वसनाचे व्यायाम शिकवत, पाठपुरावा ठेवत. गरजेप्रमाणे गोळ्या, पुढे मानसोपचारतज्ज्ञ. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होतं.

खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असो वा नसो, आकडे जवळजवळ सारखेच आले. मला त्याचं कारण असं वाटतं: तिथे दरवेळी तोच डॉक्टर भेटतो, त्याला तुमची मागची तक्रार आठवते. सरकारी ओपीडीच्या गर्दीत हे आठवण ठेवणारं माणूस म्हणजे ती समुपदेशक होती.