धंद्याला आणि घरालाही एकच गाडी: हायब्रिडपर्यंत आपण कसे आलो

धंद्याची गाडी वेगळी आणि घरची वेगळी, हे आपल्याकडे फार थोड्यांना परवडतं. केटरिंगवाला घ्या, मंडपवाला घ्या, नाहीतर वायरिंगची कामं घेणारा ठेकेदार. शनिवारी ज्या गाडीत पातेली किंवा केबलची बंडलं भरली, तीच रविवारी धुऊन-पुसून जेजुरीला न्यायची. या दुहेरी गरजेतूनच आपली व्हॅन घडली, आणि हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यावी की नाही हा आजचा प्रश्नही तिथूनच येतो.

१९८४ मध्ये मारुती व्हॅन आली. इंजिन जेमतेम ७९६ सीसीचं, सरकता दरवाजा, मागे सपाट जागा. १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं. शाळेची मुलं, भाजी, रुग्ण, सगळं तिने वाहिलं. अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. २०१० पासून आलेली ईको ते काम अजून करते आहे.

मोठ्या कुटुंबाची आणि टुरिस्ट परमिटची गाडी मात्र डिझेलवरच वाढली. २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली, २००५ मध्ये इनोव्हा. डिझेलचा दर तेव्हा सरकार ठरवायचं आणि ते पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त मिळायचं. ज्याचं रनिंग जास्त, त्याने डिझेलच घ्यावं, हा हिशेब सरळ होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचं नियंत्रण उठलं आणि तो हिशेब डळमळला. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी उठली, पण मोठ्या डिझेल गाडीचं पुढे काय होणार, ही धास्ती राहिली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचं कडक मानक लागू झालं, डिझेल इंजिन महाग झालं आणि मारुतीने तर ते बनवणंच सोडलं.

जपानमध्ये तोवर हायब्रिड जुनी झाली होती. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ ची, आणि २००१ मध्ये तर एस्टिमा ही कुटुंबाची व्हॅनसुद्धा हायब्रिडमध्ये निघाली. आपल्याकडे २०१५ मध्ये डिझेल अर्टिगावर हायब्रिडची पाटी लागली, पण ती सौम्य हायब्रिड होती: मोटर इंजिनला हात देते, एकटी गाडी ओढत नाही. पाटी तीच, गाडी वेगळी. हा घोळ अजूनही ग्राहकाला भोवतो, म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारा की नुसत्या मोटरवर गाडी चालते का?

नुसत्या मोटरवरही चालणारी मोठी गाडी आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉसच्या रूपाने समोर आली. २०२३ ची मारुती इन्व्हिक्टो म्हणजे तीच गाडी. हायक्रॉस साध्या पेट्रोलमध्येही मिळते, त्यामुळे नुसतं नाव ऐकून फसू नका. जुन्या इनोव्हाची चेसिस, म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा, आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद दोन्ही गेलं. नवी पुढच्या चाकांवर चालते. कंपनीच्या आकड्यानुसार हायब्रिडचं ॲव्हरेज लिटरला २३.२४ किलोमीटर, साध्या पेट्रोलचं १६.१३.

या फरकात ब्रेकचा मोठा वाटा आहे. साधी गाडी ब्रेक दाबल्यावर वेगातली शक्ती उष्णता करून वाया घालवते, हायब्रिड त्यातली बरीचशी बॅटरीत परत भरते. सिंहगड रोडच्या सिग्नलला हायब्रिडमध्ये बसून बघा: इंजिन बंद, एसी चालू, कारण एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो. सिग्नल सुटला की गाडी आवाज न करता पुढे सरकते. खंडाळ्याचा घाट उतरताना बॅटरी भरत जाते. छोटी असल्याने ती लवकर भरते आणि मग इंजिनच गाडीला आवरून धरतं. समृद्धी महामार्गावर एकाच वेगाने तासन्‌तास धावणाऱ्याला मात्र या करामतीचा फायदा बराच कमी मिळतो. माझ्या मते निर्णयाची खरी मेख इथे आहे: तुमचं रनिंग किती, त्याच्याइतकंच ते कुठे, हे महत्त्वाचं.

कराने हायब्रिडला फारसा हात दिला नाही. मोठ्या हायब्रिडवर एकूण ४३ टक्के लागायचे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० लागतात. विजेच्या गाडीवर फक्त ५. त्यामुळे गाडी महागच राहिली. ओम्नीच्या वंशातली, छोट्या धंदेवाल्याच्या खिशाला झेपणारी हायब्रिड व्हॅन आपल्याकडे अजून आलेलीच नाही. ईको मिळते ती पेट्रोलवर किंवा सीएनजीवर. पण गल्लीबोळांतून, दर शंभर पावलांवर थांबत माल पोचवणाऱ्या त्या गाडीलाच हायब्रिडचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला असता.