उच्च उपलब्धता क्लस्टरमधील फाइल सर्व्हर

दोन किंवा अधिक संगणक एकमेकांना जोडून त्या सर्वांच्या वतीने एकच फाइल सर्व्हर चालवण्याची रचना. क्लस्टरमधल्या प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. काम करणारा नोड बंद पडला की दुसरा नोड त्याचा आयपी पत्ता, फाइली आणि फाइलींवरचे लॉक (एकाच वेळी दोघांनी बदल करू नयेत म्हणून घातलेली अडसर) ताब्यात घेतो. या हस्तांतरणाला फेलओव्हर असे नाव आहे. वापरणाऱ्याला सर्व्हर थोडा वेळ थबकल्यासारखा वाटतो, पण पत्ता तोच राहतो. ही नोंद मुख्यतः लिनक्सवरील दोन नोडांच्या एनएफएस (जाळ्यावरून फाइली पुरवण्याचा प्रोटोकॉल) सर्व्हरविषयी आहे.

दुसरे यंत्र आणून ठेवणे हा यातला सोपा भाग. खरा प्रश्न असा, की एका वेळी एकच नोड डिस्कवर लिहीत आहे याची खात्री कशी करायची? वेब सर्व्हरच्या दोन प्रती शेजारी शेजारी चालवता येतात, कारण विनंती पुरी झाली की त्याला पुढे फारसे काही लक्षात ठेवावे लागत नाही. फाइल सर्व्हरला मात्र कोणी कोणती फाइल उघडली आहे, तिच्या कोणत्या भागावर लॉक आहे, कोणता मजकूर अजून डिस्कवर उतरायचा आहे, हे सतत सांभाळावे लागते. त्यातच एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ यांसारखी फाइलप्रणाली एकाच कर्नलची, म्हणजे कार्यप्रणालीच्या एकाच गाभ्याची, मालकी गृहीत धरते. ती दोन नोडांनी एकदम माउंट केली, म्हणजे वापरासाठी जोडून घेतली, तर प्रत्येक नोड आपापल्या कॅशवर विसंबून दुसऱ्याच्या नोंदींवर लिहीत सुटतो आणि फाइलप्रणाली दुरुस्तीपलीकडे जाऊ शकते. सेवा चालू राहावी म्हणून केलेल्या व्यवस्थेनेच माहिती नष्ट व्हावी, याहून वाईट काय असणार?

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ मध्ये जाहीर केलेला व्हॅक्सक्लस्टर हा या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा. त्यात अनेक यंत्रे वाटपी लॉक व्यवस्थापकाच्या (सर्व यंत्रांत मिळून लॉक सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) आधारे एकाच डिस्कवर काम करत. विंडोजमध्ये क्लस्टरची सोय १९९७ मध्ये एनटी ४.० च्या एंटरप्राइज आवृत्तीबरोबर आली. लिनक्सवर १९९० च्या दशकाच्या अखेरीस हार्टबीट हे सॉफ्टवेअर पुढे आले. आज त्याची जागा कोरोसिंक आणि पेसमेकर या जोडीने घेतली आहे. कोरोसिंक नोडांमधील संदेश पोहोचवतो आणि कोण हजर आहे याचा हिशेब ठेवतो. कोणती सेवा कोठे चालवायची, याचा निर्णय पेसमेकर घेतो.

साठवण : दोन्ही नोडांना एकच माहिती दिसावी यासाठी दोन मार्ग आहेत. एक, दोघांना जोडलेली सामाईक डिस्क. दुसरा, प्रत्येकाची स्वतःची डिस्क आणि त्यांच्यामध्ये जाळ्यावरून सतत चालणारी नक्कल. दुसऱ्या मार्गासाठी लिनक्सवर डीआरबीडी वापरतात. फिलिप राइस्नर यांनी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात त्याची सुरुवात केली आणि २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीपासून ते लिनक्स कर्नलचा भाग झाले. त्याच्या तीन पद्धती आहेत. ‘ए’ मध्ये स्थानिक डिस्कवर लिहून झाले आणि मजकूर पाठवण्याच्या रांगेत गेला की लेखन पूर्ण मानले जाते. ‘बी’ मध्ये तो दुसऱ्या नोडच्या मेमरीत पोहोचावा लागतो. ‘सी’ मध्ये दुसऱ्या नोडच्या डिस्कवर उतरावा लागतो. फाइल सर्व्हरसाठी ‘सी’ च घ्यावी. प्रत्येक लेखनाला जाळ्यावरच्या फेरीइतका उशीर लागतो, म्हणून दोन्ही नोड जवळ ठेवून त्यांच्यात स्वतंत्र केबल टाकणे चांगले.

फेन्सिंग : एखाद्या नोडकडून संदेश येणे थांबले, याचा अर्थ तो मेला असा होत नाही. केबल निघाली असेल, किंवा कर्नल काही सेकंद अडकला असेल. अडकलेला नोड शुद्धीवर येतो तेव्हा मध्ये काय घडले याची त्याला कल्पना नसते. हातातले लेखन तो पुरे करायला जातो. म्हणून ताबा घेण्याआधी दुसऱ्या नोडने पहिल्याची वीज खरोखर तोडावी लागते. या कृतीला फेन्सिंग म्हणतात. पेसमेकरमध्ये ती स्टोनिथ या नावाने असते. सर्व्हरमध्येच बसवलेल्या, त्याला दुरून चालू-बंद करणाऱ्या आयपीएमआय नियंत्रकाला यंत्र बंद करण्याचा हुकूम देणे हा नेहमीचा मार्ग. पण त्या यंत्राचा वीजपुरवठाच गेला असेल तर नियंत्रकही उत्तर देत नाही. उत्तर नाही म्हणजे खात्री नाही, आणि खात्री नसताना क्लस्टर अडून बसतो. हे वागणे योग्यच आहे. त्यावर उपाय म्हणून, दुरून बंद करता येणारी वीजपट्टी हा दुसरा मार्ग जोडून ठेवतात.

फेन्सिंगचे साधन दिलेले नसेल तर पेसमेकर मूळ मांडणीत सेवा सुरूच करत नाही. घाईत असलेले लोक मग स्टोनिथ बंद करण्याचा एका ओळीचा पर्याय वापरतात आणि सगळे सुरळीत चालल्यासारखे दिसते. ज्या दिवशी नोडांमधला दुवा तुटतो त्या दिवशी दोघेही स्वतःला मुख्य समजतात आणि दोन्हीकडे वेगवेगळे लेखन होते. हीच स्प्लिट-ब्रेनची अवस्था. डीआरबीडीत त्यातून बाहेर पडताना साधारणपणे एका बाजूचे बदल टाकून द्यावे लागतात, म्हणजे कोणाचे तरी काम कायमचे जाते. फेन्सिंग नसलेल्या अशा क्लस्टरपेक्षा एकच सर्व्हर आणि चांगला बॅकअप ही व्यवस्था निःसंशय चांगली.

बहुमताचा नियम याला पूरक आहे. तीन नोडांत एक गेला तरी दोघांचे बहुमत उरते. दोनच असतील तर ते शक्य नसते, म्हणून कोरोसिंकमध्ये दोन नोडांसाठी खास सवलत आहे. त्यापेक्षा केवळ मत देणारे तिसरे छोटे यंत्र ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

सेवांचा क्रम : पेसमेकरला सेवा एकाच नोडवर एकत्र ठेवायला आणि ठरावीक क्रमाने सुरू करायला सांगतात. आधी डीआरबीडी मुख्य भूमिकेत जातो, मग फाइलप्रणाली माउंट होते, त्यानंतर एनएफएस सेवा, मग निर्यात केलेल्या, म्हणजे जाळ्यावर वापरायला खुल्या केलेल्या, फोल्डरांची यादी आणि सर्वांत शेवटी आयपी पत्ता. बंद करताना क्रम उलटा, म्हणजे पत्ता आधी काढायचा. पत्ता आधी आला आणि फोल्डर अजून निर्यात झालेले नसले, तर क्लायंटला (फाइली वापरणाऱ्या यंत्राला) फाइलहँडल, म्हणजे फाइलीची सर्व्हरने दिलेली खूण, शिळे झाल्याची चूक मिळते. पत्ताच नसेल तर तो निमूट वाट पाहतो. पत्ता आल्यावर नवा नोड एआरपी संदेशाने तो आता आपल्याकडे असल्याचे जाळ्याला कळवतो.

निर्यातीत एफएसआयडी (फाइलप्रणालीचा ओळखक्रमांक) दोन्ही नोडांवर सारखा द्यावा, नाहीतर तेच फोल्डर क्लायंटला वेगळे भासते. वापरकर्त्यांचे क्रमांकही जुळायला हवेत. क्लायंटांच्या नोंदी असलेली एनएफएसची स्थिती-फोल्डर सामाईक साठवणीवर ठेवतात, कारण त्यावरूनच नवा नोड जुन्या क्लायंटांना ओळखतो. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सेवा सुरू झाल्यावर सवलतीचा काळ असतो, लिनक्सवर मुळात ९० सेकंदांचा. त्या काळात जुन्या क्लायंटांना आपले लॉक परत मागता येतात, नव्यांना थांबावे लागते. त्यामुळे फेलओव्हर दहा सेकंदांत झाला तरी नवी फाइल उघडायला दीड मिनिट लागू शकते. हा बिघाड नव्हे. क्लायंटवर ‘हार्ड’ माउंट वापरावे. ‘सॉफ्ट’ माउंट मध्येच हार मानून प्रोग्रॅमला चूक कळवते आणि लिहायचा मजकूर हरवू शकतो.

सांबा व विंडोज : विंडोजच्या एसएमबी प्रोटोकॉलने फाइली पुरवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरसाठी सीटीडीबी हा नोडांमध्ये वाटलेला डेटाबेस ही वेगळी वाट आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि रॉनी सालबर्ग हे तिचे मुख्य कर्ते. येथे सर्व नोड एकाच वेळी फाइली पुरवतात, त्यासाठी खाली जीएफएस२ किंवा जीपीएफएससारखी क्लस्टर फाइलप्रणाली लागते. सीटीडीबीमागची कल्पना फार सुंदर आहे : बंद पडलेल्या नोडला जोडलेल्या क्लायंटांच्या उघड्या फाइलींची नोंद त्या नोडबरोबर गेली तरी चालते, कारण त्यांच्या जोडण्याही तुटलेल्याच असतात. प्रत्येक नोंद सगळीकडे पाठवत बसावे लागत नाही, म्हणून वेग टिकतो. पत्ता घेणारा नोड क्लायंटला मुद्दाम चुकीच्या क्रमांकाचे टीसीपी उत्तर पाठवतो. त्यामुळे जुनी जोडणी तुटल्याचे क्लायंटला लगेच उमगते आणि तो पुन्हा जोडला जातो. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आलेल्या एसएमबी ३.० ने उघड्या फाइली फेलओव्हरनंतरही टिकवण्याची सोय प्रोटोकॉलमध्येच दिली.

चाचणी व देखभाल : नोड व्यवस्थित बंद करून पाहणे ही चाचणी अपुरी आहे. केबल उपटून, कर्नल मुद्दाम कोसळवून, वीज तोडून पाहावे, आणि तेही क्लायंटवर मोठी फाइल लिहिली जात असताना. नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी जाते. वर्षात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे सुमारे पावणेनऊ तास बंद, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. यातला बराच वेळ नियोजित कामांत जातो आणि तेथे क्लस्टर उपयोगी पडतो : एक नोड राखीव अवस्थेत ठेवून त्यावर कर्नल अद्ययावत करायचा, डीआरबीडीची नक्कल पूर्ण जुळू द्यायची आणि मगच दुसऱ्याकडे वळायचे. दुरुस्त झालेल्या नोडकडे सेवा आपोआप परत जाऊ देऊ नये. पेसमेकरमध्ये सेवेची चिकटून राहण्याची किंमत वाढवली की ती असेल तेथेच राहते आणि दुसरा खंड टळतो.