पार्श्वभूमी: ‘९५ टक्के विश्वास’ नेमका कशावर?

परिकल्पना परीक्षण (गृहीत धरलेले मूल्य नमुन्यावरून तपासणे) आणि विश्वास अंतराल (अज्ञात मूल्यासाठी नमुन्यावरून काढलेली कक्षा) ही दोन प्रकरणे संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पाठोपाठ येतात आणि एकाच हाताने लिहिल्यासारखी वाचली जातात. तशी ती नाहीत. आपसांत अजिबात न पटणाऱ्या दोन घराण्यांची मते त्यांत एकत्र शिजवलेली आहेत. विद्यार्थी परीक्षेत हमखास चुकतात ती वाक्येही बहुतेक याच सांध्यावरची.

या पद्धतींची सुरुवात कुठून धरायची, याला फार महत्त्व नाही. १७१० सालापर्यंतच्या सलग ८२ वर्षांच्या लंडनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत दरवर्षी मुलग्यांचीच संख्या जास्त होती. हा निव्वळ योगायोग मानला तर त्याची संभाव्यता २ च्या ८२ व्या घाताला एक इतकी नगण्य, म्हणून यामागे ईश्वरी योजना असली पाहिजे, असा युक्तिवाद तेव्हा झाला. १९०० मध्ये काय-वर्ग चाचणी (अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्यांची तुलना) आली. आजच्या वर्गाशी थेट नाते आहे ते १९०८ चे. डब्लिनच्या एका बिअर कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाने टोपणनावाने एक निबंध छापला. नमुना लहान असेल आणि प्रमाण विचलनही (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) त्याच नमुन्यातून काढले असेल, तर घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राचे आकडे वापरता येत नाहीत, हा त्याचा मुद्दा.

याने किती फरक पडतो? ५० किलो छापलेल्या साखरेच्या १६ पोत्यांची सरासरी ४९.७ किलो आणि प्रमाण विचलन ०.६ किलो आले असे समजा. प्रमाण त्रुटी (सरासरी नमुन्यागणिक किती हलू शकते याचे माप) ०.६ भागिले १६ चे वर्गमूळ ४, म्हणजे ०.१५. फरक ०.३ किलो, म्हणून गुणोत्तर २.०. जुन्या पद्धतीने प्रसामान्य वक्राच्या १.९६ शी तुलना केली तर पोती कमी भरतात असे ठरते. १५ स्वातंत्र्यमात्रांसाठीचा (पोत्यांच्या संख्येहून एक कमी) टी-आकडा, म्हणजे लहान नमुन्यासाठीचा सुधारित आकडा, मात्र २.१३१ आहे, आणि तो लावला तर तसे म्हणता येत नाही. पुरावा तोच, निकाल उलटा.

आता ०.०५ ही मर्यादा, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता याहून कमी असली तरच त्याची दखल घ्यायची. हा आकडा कुणी शोधून काढलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘संभाव्य त्रुटी’ वापरायची पद्धत होती, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या ०.६७४५ पट. फरक तिच्या तिपटीहून मोठा असला की दखल घ्यायची. तिप्पट म्हणजे २.०२. १९२५ मध्ये इंग्लंडमधल्या एका शेती संशोधन केंद्रावरच्या संख्याशास्त्रज्ञाने, म्हणजे पहिल्या घराण्याच्या प्रमुखाने, आपल्या पुस्तकात १.९६ ला ‘जवळपास २’ म्हटले आणि विसात एक ही सोयीची मर्यादा मानली. रूढ सवयीला मिळालेला हा गोल आकडा, इतकेच. पण त्याच पुस्तकातल्या कोष्टकाने तो पक्का केला. त्यात संभाव्यतांचे स्तंभ ठरलेले होते, ०.१०, ०.०५, ०.०२, ०.०१ वगैरे, आणि आत टी-मूल्ये. पोत्यांच्या उदाहरणात १५ च्या ओळीवर बोट ठेवले तर १.७५३ आणि २.१३१ च्या मध्ये आपला २.० येतो. म्हणजे ‘०.१० आणि ०.०५ च्या दरम्यान’ यापलीकडे काही सांगता येत नाही. नेमके पी-मूल्य (खरा फरक नसताना निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) ०.०६४ आहे, पण ते आज संगणक सांगतो. कोष्टकावर वाढलेल्या पिढीला ०.०५ चा उंबरठाच तेवढा दिसला. मूळ लेखकाने पुढे १९५६ मध्ये स्पष्ट लिहिले, की प्रत्येक प्रसंगी एकच ठरावीक पातळी लावून परिकल्पना फेटाळणारा शास्त्रज्ञ नसतो. तोवर उशीर झाला होता.

दुसरे घराणे १९२८ ते १९३३ मध्ये उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की एकट्या शून्य परिकल्पनेला (‘फरक काहीच नाही’ या गृहीताला) अर्थ नाही. समोर पर्यायी परिकल्पना हवी, दोन्ही प्रकारच्या चुकांचे (नसलेला फरक दिसणे आणि असलेला न दिसणे) प्रमाण आधी ठरवायला हवे आणि मग नियम पाळायचा. वर्गात ‘पायरी १ : सार्थकता पातळी ०.०५ ठरवा’ असे लिहितात ते यांचे. शेवटी ‘पी = ०.००३, म्हणून अत्यंत सार्थक’ असे लिहितात ते पहिल्या घराण्याचे. दोन्ही एकाच उत्तरपत्रिकेत बिनबोभाट नांदतात. आधी ठरवण्याचा फायदा पोत्यांतच पाहा. ०.३ किलोची तूट खरोखर असेल, तर १६ पोत्यांत ती सापडण्याची संधी निम्म्याहूनही थोडी कमी. ८० टक्के संधी हवी असेल तर ३४ पोती तोलावी लागतात. हा हिशेब तोलण्याआधी करायचा असतो, नंतर नव्हे.

१९३४ मध्ये याच दुसऱ्या घराण्यातल्या एकाने लंडनच्या संख्याशास्त्रीय सभेपुढे नमुना पाहणीवरचा निबंध वाचला आणि त्यात ‘विश्वास’ हा शब्द आणला. अचल पण अज्ञात संख्येबद्दल ‘संभाव्यता’ म्हणणे त्याला टाळायचे होते, म्हणून ही तडजोड. चर्चेतच एका ज्येष्ठाने शंका काढली, की हा विश्वास म्हणजे विश्वासात घेऊन केलेली फसवणूक तर नव्हे? शब्दनिवडीवरचा तो टोमणा आजही चपखल आहे. १९३७ मध्ये संपूर्ण सिद्धांत आला.

आपल्या पोत्यांचा अंतराल ४९.७ ± २.१३१ × ०.१५, म्हणजे ४९.३८ ते ५०.०२ किलो. ‘खरी सरासरी यात असण्याची शक्यता ९५ टक्के’ हे वाक्य या सिद्धांतात बसत नाही. सरासरी यात आहे किंवा नाही, मधले काही नाही. ९५ हा आकडा पद्धतीचा आहे. १६-१६ पोत्यांचे असे असंख्य नमुने घेतले आणि दर वेळी अंतराल काढला, तर शंभरातले सुमारे ९५ अंतराल खऱ्या सरासरीला गाठतील. जत्रेतल्या रिंगच्या खेळात साबणाची वडी जागची हलत नाही, रिंग दर वेळी वेगळीकडे पडते. ९५ टक्के आहे तो हात. इथे फरक एवढाच, की रिंग पडल्यावरही वडी दिसत नाही.

मराठी परिभाषेने या गुंत्यात भरच घातली. विश्वास ही मनाची अवस्था, त्यामुळे चुकीचा अर्थ आपोआप पुढे येतो. ‘सार्थक’ त्याहून वाईट. आपल्याकडे जन्माचे सार्थक होते, कष्टांचे सार्थक होते. ‘सार्थक फरक’ वाचणाऱ्याला तो मोठा, मोलाचा फरक वाटतो. मूळ अर्थ होता फक्त ‘काहीतरी सुचवणारा’. ‘सूचक फरक’ म्हटले असते तर निम्मे घोटाळे टळले असते. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ‘शून्य परिकल्पनेचा त्याग’ आणि ‘स्वीकार’ अशी जोडी असते, त्यातला स्वीकार तर उघड चूक. पोत्यांत ५० किलो फेटाळता आले नाही हे खरे, पण ४९.५ ही फेटाळता येत नाही (गुणोत्तर १.३३). मग दोन्ही स्वीकारायचे का? जी जी गृहीत मूल्ये फेटाळली जात नाहीत त्या सर्वांचा संच म्हणजेच विश्वास अंतराल. दोन प्रकरणांना जोडणारा हा एक धागा, आणि तोच शिकवताना बहुधा सुटतो.

भारतात हे शास्त्र आले ते मुख्यतः पहिल्या घराण्याच्या वाटेने, शेतीतून. १९२५ च्या पुस्तकाचा लेखक जानेवारी १९३८ मध्ये कोलकात्याच्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेला अध्यक्ष होता. दुसऱ्या घराण्याशीही मराठी धागा आहे. सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या एका संख्याशास्त्रज्ञाने १९३५ मध्येच त्या १९३४ च्या निबंधाचे काम पुढे नेले. पण कृषी विद्यापीठांच्या तक्त्यांवर छाप राहिली ती पहिल्याची. प्रत्येक तक्त्याखाली ‘सी.डी. ५ टक्के’ ही ओळ असते. सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स) म्हणजे टी-आकडा गुणिले दोन सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी; दोन वाणांतला फरक याहून मोठा असला तरच तो सार्थक मानायचा. एफ-चाचणी (सगळ्या सरासऱ्यांची एकत्र तुलना) सार्थक आल्यावरच तो वापरायचा, ही अट अनेकदा गळते. १० वाणांच्या ४५ जोड्या होतात. सगळे वाण सारखेच असले तरी सरासरी दोनाहून अधिक जोड्यांत ‘फरक’ निघणारच.

अलीकडे वाद पुन्हा पेटला. २०१५ मध्ये सामाजिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने पी-मूल्ये आणि विश्वास अंतराल दोन्ही बंद केले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या व्यावसायिक संघटनेने पी-मूल्याबाबत सहा तत्त्वे जाहीर केली, त्यानंतर उंबरठा ०.००५ करावा असा प्रस्ताव आला आणि २०१९ मध्ये ८०० हून अधिक जणांनी ‘सार्थक’ हा शिक्काच नको म्हणून सह्या केल्या. उंबरठा हलवून मूळ घोटाळा जात नाही, हे त्यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे.

या गदारोळात एक साधी दुरुस्ती मागे पडली. टक्केवारीसारख्या प्रमाणासाठीचे (किती वस्तू सदोष, असे) पाठ्यपुस्तकी सूत्र, नमुन्यातले प्रमाण ± १.९६ गुणिले प्रमाण त्रुटी, लहान नमुन्यात ९५ टक्के पाळत नाही. २० वस्तूंत एकही सदोष नसेल तर ते ० ते ० असा अंतराल देते. १९९८ मध्ये सुचवलेला उपाय दोन मिनिटांचा आहे : दोन सदोष आणि दोन निर्दोष वस्तू मनाने वाढवा. २४ पैकी २, म्हणजे ०.०८३. प्रमाण त्रुटी ०.०५६. अंतराल ० ते सुमारे १९ टक्के. जुने सूत्र बहुतेक क्रमिक पुस्तकांत अजून तसेच आहे.